हुसेनसागर, आठवा रविवार: टॅक जमू लागला

हैदराबादच्या या तलावावर मी शिडाची होडी चालवायला शिकतेय. आज वारा पश्चिमेचा, पण झटक्याझटक्याने येणारा. काठावरच्या इमारतींमुळे दिशाही मध्येच फिरते. इल्का ४ या एकट्याने चालवायच्या छोट्या होडीवर बारा टॅक मारले, म्हणजे होडीचं तोंड वाऱ्यातून फिरवून दुसऱ्या बाजूला वळवली; नऊ न अडकता. आधी मी टिलर, म्हणजे सुकाणूचा दांडा, एकदम ढकलायचे. मग सुकाणूच ब्रेक लावायचं आणि होडी वाऱ्याकडे तोंड करून उभी राहायची. आज टिलर हळू सोडला, बूम, म्हणजे शिडाखालची आडवी काठी, डोक्यावरून जाऊ दिला आणि मग बाजू बदलली. शीड पुन्हा भरल्याचा हिसका हाताला लागला तेव्हा काय आनंद झाला!

माझं वजन ५२ किलो. इल्का ७ चं ७.०६ चौरस मीटरचं शीड जोराच्या वाऱ्यात मला पेलवत नाही. इल्का ४ ला होडी तीच, पण शीड ४.७ चौरस मीटर आणि डोलकाठीचा खालचा तुकडा आखूड. नेहा ठाकूरने २०२३ मध्ये हांगझोऊच्या एशियाडमध्ये रौप्य मिळवलं ते याच होडीवर. हलक्या अंगाच्या मुलींना पेलेल अशी होडी मिळणं ही फार मोठी गोष्ट आहे.

म्हणूनच मला सुहेम शेख यांचं काम मोलाचं वाटतं. २००९ मध्ये त्यांनी याच पाण्यावर यॉट क्लब ऑफ हैदराबाद सुरू केला आणि शहरातल्या गरीब वस्त्यांतली मुलंमुली ऑप्टिमिस्ट या लहान मुलांच्या होडीवर बसवली. प्रीती कोंगारा तिथूनच पुढे आली आणि हांगझोऊला ४७० या दोघांनी चालवायच्या होडीच्या मिश्र गटात उतरली. उन्हाळी शिबिर घेऊन थांबणारे संघटक पुष्कळ पाहिलेत. इथे पोरांना बारा महिने होडी मिळते, आणि मान्सून रेगाटा ही शिडाच्या होड्यांची स्पर्धा दारातच असल्याने देशभरातल्या मुलांशी टक्कर देता येते. प्रवासाचा खर्च झेपत नाही अशा घरांसाठी हे किती महत्त्वाचं आहे, ते काठावर उभ्या असलेल्या आयांशी बोललं की कळतं.

दुपारी एका दहा वर्षांच्या मुलीला ऑप्टिमिस्टचं शीड बांधायला मदत केली. म्हणजे करायला गेले. तिने माझी गाठ सोडली, डोलकाठीभोवती दोरी पुन्हा घट्ट ओढली, मध्ये बोट घालून फट मोजली आणि म्हणाली, "आंटी, इतनाच गॅप रखना." शीड ३.३ चौरस मीटरचं, ती त्याच्यापुढे एवढीशी. पण पाण्यात गेल्यावर माझ्याआधी बोयाला वळसा घालून परत आली.

पुढच्या रविवारी जाइब, म्हणजे वारा पाठीमागून घेत वळणं. आणि तिच्याकडून ती गाठ नीट शिकायची आहे.