आधी टाकी, मग कार्बोरेटर

पावसाळाभर बिल्डिंगच्या पार्किंगमध्ये ताडपत्रीखाली उभी असलेली जुनी गाडी दसऱ्याला हार घालायला बाहेर निघते आणि किक मारून मारून पाय दुखले तरी चालू होत नाही. मग पेट्रोल आणि हवा मिसळणारा कार्बोरेटर (कार्ब) खोलला जातो, त्यातल्या जेटमध्ये, म्हणजे पेट्रोल मोजून सोडणाऱ्या बारीक छिद्राच्या तुकड्यात, फुंकर मारली जाते, गाडी सुरू होते. आठवड्यात परत तेच. कार्बोरेटर बिचारा सगळ्यात खाली बसलेला असतो, त्यात येणारा कचरा वरून येतो. त्यामुळे कार्बला हात लावण्याआधी टाकीचं झाकण उघडून मोबाइलचा टॉर्च आत मारा. आतला पत्रा करडा दिसला तर ठीक. तांबूस दिसला किंवा तळाशी चहाच्या चोथ्यासारखं काही हललं, तर कामाची सुरुवात टाकीपासूनच करायची.

आता पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. इथेनॉल हवेतली ओल शोषतं. पाणी फार झालं की इथेनॉल आणि पाणी एकत्र होऊन पेट्रोलपासून वेगळं होतं, जड असल्यामुळे तळाशी, म्हणजे नेमकं पेट्रोल चालू-बंद करायच्या कॉकजवळ बसतं. गंजलेली टाकी बहुतेक तिथूनच ठिबकायला लागते. नाशिकजवळच्या इगतपुरी, त्र्यंबकच्या बाजूच्या दमट हवेत अर्धी रिकामी टाकी ठेवणं म्हणजे गंजाला आमंत्रणच. गाडी उभी ठेवायची असेल तर टाकी गळ्यापर्यंत भरा, किंवा पूर्ण कोरडी करून आत थोडं टू-टी ऑइल (टू-स्ट्रोक गाडीचं ऑइल) फिरवून ठेवा.

टाकी काढायची ती उघड्यावर, बॅटरीची निगेटिव्ह वायर सोडून. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते आणि जमिनीलगत पसरते, म्हणून बंद पार्किंगमध्ये हे काम नको. काढलेलं पेट्रोल गटारात ओतू नका, कॅनमध्ये साठवा. कॉक, झाकण आणि पेट्रोलची पातळी दाखवणारं फ्लोट गेज असेल तर तेही काढून घ्या. हे भाग ॲल्युमिनियम किंवा जस्ताच्या मिश्रधातूचे असतात आणि ॲसिड त्यांना खातं. कॉकच्या भोकावर सायकलच्या ट्यूबचा तुकडा आणि पत्र्याची पट्टी लावून बोल्टने आवळा. बाहेरच्या रंगावर प्लास्टिक आणि चिकटपट्टी गुंडाळा, तोंडाशी तर दोन वेळा.

आधी साबणाच्या गरम पाण्याने धुवा. तेलकट थर राहिला तर ॲसिड गंजापर्यंत पोहोचतच नाही. सुटा गंज पाडायला मूठ-दोन मूठ जाड नट टाकून टाकी हलवा. टाकताना मोजा, काढताना मोजा. आत राहिलेला एक नट पुढे वर्षभर खडखडत राहतो.

गंज काढायला किराणा दुकानातलं लिंबूफूल (सायट्रिक ॲसिड) चांगलं चालतं. एक लिटर गरम पाण्याला ८० ते १०० ग्रॅम, टाकी काठोकाठ भरायची आणि रात्रभर ठेवायची. सकाळी पाणी गढूळ, हिरवट-पिवळं दिसेल. गंज उरला असेल तर नवं पाणी करून पुन्हा भरा, जुनंच दोन-तीन दिवस ठेवू नका, चांगला पत्राही झिजायला लागतो. दुसरा मार्ग फॉस्फोरिक ॲसिडचा. आपल्याकडे द्राक्षबागायतदार ठिबकच्या नळ्या साफ करायला ते वापरतात, त्यामुळे पिंपळगाव, दिंडोरीकडच्या कृषी दुकानांत विचारून बघा. ८५ टक्क्यांचं असेल तर एक भाग ॲसिड आणि पाच भाग पाणी. ॲसिड पाण्यात ओतायचं, पाणी ॲसिडमध्ये कधीच नाही. हातमोजे, चष्मा हवाच. याचा फायदा म्हणजे पत्र्यावर फॉस्फेटचा थर राहतो आणि धुतल्यावर गंज लगेच धरत नाही. संडास साफ करायचं ॲसिड मात्र अजिबात नको. गंज झटक्यात जातो हे खरं, पण पत्राही जातो आणि धुवून ठेवल्यावर तासाभरात टाकी आतून केशरी होते.

लिंबूफूल वापरलं असेल तर ओतून लगेच खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने खळबळा, लिटरला दोन चमचे पुरेत, मग साध्या पाण्याने. इथे आळस केला की सगळी मेहनत वाया. पाणी निथळल्याबरोबर हेअर ड्रायरने किंवा ब्लोअरने वाळवायचं, कोपऱ्यातली ओल जाईपर्यंत. त्याआधी आत पेट्रोलचा वास उरला नाही ना, हे पक्कं करा. वाळली की पेट्रोलमध्ये थोडं टू-टी ऑइल मिसळून आत फिरवा. गंज निघाल्यावर बारीक छिद्रं दिसली तर ती बाहेरून एम-सील लावून टिकत नाहीत. आतून सीलर (गळती बुजवणारा लेप) लावणं किंवा टाकीच बदलणं, एवढेच पर्याय.

कॉक खोलून जाळी धुवा, रबरी वॉशर नवे घाला. टाकी बसवल्यावर पाइप कार्बपासून सोडून बाटलीत धरा. ऑन आणि रिझर्व्ह दोन्हीवर सलग धार यायला हवी. ऑफ केल्यावर थेंबही नको. धार सुरुवातीला चांगली आणि मिनिटभरात बारीक होत असेल तर झाकणाचं हवेचं छिद्र बुजलंय. चालता चालता गाडी बंद पडते, झाकण उघडल्यावर ‘सूं’ आवाज येतो आणि पुन्हा सुरू होते, त्याचंही कारण हेच. कडक झालेला पाइप बदला आणि मध्ये पारदर्शक फिल्टर टाका, बाण कार्बकडे, पाइपला वर जाणारं वळण न देता.

आता कार्बोरेटर. चोक ओढल्याशिवाय गाडी स्लोवर उभी राहत नसेल तर पायलट जेट, म्हणजे स्लोवर पेट्रोल देणारा जेट, बुजलेला. स्लो ठीक, पण अर्ध्या रेसच्या पुढे गुदमरते, तर जास्त रेसला पेट्रोल देणारा मेन जेट बघा. ओव्हरफ्लोच्या नळीतून पेट्रोल गळत असेल तर फ्लोटची सुई बघा; कार्बच्या वाटीत तरंगणारा फ्लोट याच सुईने पेट्रोल अडवतो.

कार्बच्या खालच्या वाटीचे स्क्रू माप न जुळणाऱ्या पेचकसाने फिरवले की डोकी घासतात, म्हणून बरोबर बसणारा पेचकस घ्या. हवेचा स्क्रू काढण्याआधी हळूच आत बसवून किती आटे जातात ते लिहून ठेवा. स्प्रिंग, वॉशर आणि बारीक ओ-रिंग मागे राहतात, त्या हरवू नका. फ्लोटची पिन ठोकून काढू नका, तिचे खांब तुटले की कार्ब भंगारात. पायलट जेटचं छिद्र ०.४ मिमीच्या आसपास असतं. उजेडाकडे धरल्यावर स्वच्छ गोल ठिपका दिसला पाहिजे, अंधुक किंवा चंद्रकोरीसारखा दिसला तर अजून मेण, म्हणजे सुकलेल्या पेट्रोलचा चिकटा, आहे. स्टीलची तार घालू नका, जेट पितळी असतो, छिद्र मोठं होतं. विजेच्या वायरमधली तांब्याची एक काडी आणि क्लीनरचा स्प्रे पुरे. मग पंक्चरवाल्याच्या कंप्रेसरने प्रत्येक वाटेतून हवा मारा. स्प्रे मारण्याआधी रबर आणि फ्लोट काढून ठेवलेले असावेत. सुईच्या टोकावर गोल खाच पडली असेल तर सुई नवीनच, घासून चालत नाही.

जोडल्यावर गाडी दहा मिनिटं गरम करून मगच सेटिंग. हवेचा स्क्रू हळूच पूर्ण आत बसवून दीड आटा बाहेर काढा आणि तिथून सुरू करा, पाव पाव आटा फिरवत जा आणि रेस सर्वात वर जाते तिथे थांबा. स्क्रू एअर फिल्टरच्या बाजूला असेल तर बाहेर काढल्यावर मिश्रण पातळ होतं, म्हणजे पेट्रोल कमी पडतं, इंजिनाच्या बाजूला असेल तर उलट, पेट्रोल वाढतं. नाशिकच्या सहाशे मीटर उंचीसाठी जेट बदलायचा सल्ला कोणी दिला तर सोडून द्या. कसारा घाट उतरून मुंबईकडे गेल्यावर हवा दाट होते, मिश्रण किंचित पातळ पडतं, पण चांगला सेट केलेला कार्ब ते सहज सांभाळतो.

फ्लोटची सुई गळत होती आणि गाडी चार-स्ट्रोक असेल, तर पेट्रोल इंजिन ऑइलमध्ये उतरलेलं असू शकतं, म्हणून ऑइलची डिपस्टिक (पातळी मोजायची काडी) काढून वास घ्या. पातळी वाढलेली असेल आणि पेट्रोलचा वास येत असेल तर किक न मारता आधी ऑइल बदला.