आबांची ट्रंक

वारस नोंदीसाठी जुना सातबारा पाहिजे होता, म्हणून आज आबांची ट्रंक उघडली. सातबारा निघाला तळाला. त्याआधी हातात आल्या कोल्हापूरच्या शाहू मार्केट यार्डातल्या गुळाच्या पट्ट्या, म्हणजे विक्रीच्या पावत्या, सुतळीनं बांधलेल्या. मागं पेन्सिलीनं हिशेब: गुळाचे रवे म्हणजे ढेपा किती, रसाची मळी काढायची भेंडी कितीची, गूळ शिजवणाऱ्या गुळव्याला किती.

गुळव्या असला तरी काहील, रस उकळायची मोठी कढई, कधी उतरवायची ते आबाच सांगायचे. पाकाचा थेंब गार पाण्यात सोडायचा, बोटांत गोळी वळायची आणि भांड्याच्या काठावर आपटायची. टण्ण वाजली की "उतरवा!" अंगठ्याला कायम चट्टा. मला ते कधीच जमलं नाही, माझी पातळ काकवीच!

पणजोबांचा कोरडवाहू जोंधळा. राधानगरी धरणाचं पाणी भोगावती नदीला आलं आणि आजोबांनी पहिला ऊस लावला, हे आबा पाहुण्यांना इतक्यांदा सांगायचे की ते सुरू झाले की आई चहा टाकायला उठायची.

२०१९ च्या पुरात सगळा ऊस पाण्याखाली गेला. पाणी ओसरल्यावर आबा बांधावर बराच वेळ उभे होते. मग म्हणाले, "औंदा गुऱ्हाळ न्हाई. जनावरांच्या वैरणीचं बघ आधी."

पट्ट्या परत सुतळीत बांधल्यात. पेन्सिल पुसट होत चाललीय, उद्या उजेडात फोटो काढतो.