एमजीबीची सिल कापण्याआधी

आजचा अख्खा दिवस एमजीबी रोडस्टरच्या सिलवर, म्हणजे दाराखालच्या पोकळ पत्र्याच्या पट्टीवर गेला. १९६२ ते १९८० इंग्लंडात ॲबिंग्डनला बनलेल्या या देखण्या गाडीला वेगळी चासी नाही आणि पक्कं छप्परही नाही, त्यामुळे ताण दोन्ही सिलवर येतो. त्या आतून कुजतात, वरून रंग मात्र चकाचक! गंजका पत्रा कापण्याआधी दाराच्या चौकटीत आडवा पाइप टाकाच, नाहीतर बॉडी मधोमध बसते आणि दार लागत नाही. एका वेळी एकच बाजू. आधी नव्या पत्र्याला वेल्डिंगचे नुसते टाके, मग दार बसवून फट बघा, मगच पक्कं वेल्डिंग. शेवटी आतल्या पोकळीत मेण मारा.

आणि गाडी घेताना जुन्या मालकाच्या गोष्टींपेक्षा तिच्यावरचा कारखान्याचा नंबर वाचा. त्यात जीएचएन३ नंतर एल असेल तर गाडी मूळची लेफ्ट हँड, म्हणजे डावीकडे स्टिअरिंगची. कारखान्यातला रंग इंग्लंडातल्या गेडनच्या ब्रिटिश मोटर म्युझियमच्या दाखल्यात मिळतो.