मका: शेत ते पोतं. वाटेत एकच टप्पा वाईट, तो म्हणजे वाळवण

कापणीनंतरची नासाडी कुठे होते ते बघायला दाण्याच्या मागोमाग निघालात, तर आधी हातात पडतं माहितीपत्रक. बहुतेक माहितीपत्रकं भलत्याच ठिकाणी नेऊन सोडतात. सुरुवातच ‘एक तृतीयांश अन्न वाया जातं’ अशी. हा अंदाज एफएओच्या, म्हणजे संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेच्या, २०११ च्या अहवालातला, पण त्यात श्रीमंत देशांतल्या घरांत नि हॉटेलांत टाकून दिलेलं अन्नही धरलेलं आहे. कापणीनंतर किरकोळ विक्रीपर्यंत जे जातं, ते याच संस्थेने २०१९ मध्ये सुमारे १४ टक्के सांगितलं. दुसरी दिशाभूल जास्त महागात पडते: नासाडी कोठारात होते, तेव्हा चांगली पिशवी घ्या नि निश्चिंत व्हा. नासाडी कोठारात दिसते, हे खरं. तिची सुरुवात बहुतेक वेळा ताडपत्रीवरच झालेली असते.

पुढचं सगळं मक्याबद्दल आणि दहा-वीस पोती माल असलेल्या छोट्या शेतकऱ्याबद्दल. ताडपत्री आणि वजनकाटा आहे, वाळवणी यंत्र नाही, असं धरलंय.

कापणीचा टप्पा सोपा. दाण्याच्या बुडाशी काळा थर दिसला की मका पक्व झाला. तेव्हा ओलावा ३०-३५ टक्के असतो. थोडा उतरू द्या नि काढा. ‘उभ्या पिकातच वाळू दे’ म्हणून आठवडेच्या आठवडे ठेवलं, तर सोंडे शेतातच शिरतात आणि पोत्यातून घरी येतात. वाहतुकीबद्दल सांगण्यासारखं काही नाही.

सोलायच्या आधी कणसं निवडा. बुरशीचं, पोखरलेलं, जमिनीला टेकलेलं कणीस बाजूला काढा. अफ्लाटॉक्सिन, म्हणजे बुरशीतून तयार होणारं विष, सगळ्या ढिगात सारखं नसतं, थोड्याच दाण्यांत ठासून भरलेलं असतं. ते दाणे एकदा मिसळले की निवडणं जवळपास अशक्य. ओली कणसं पोत्यात घालून काठीने बडवणं बंद करा. दाणे फुटतात, आणि फुटलेल्या दाण्यात बुरशी नि कीड दोन्ही लगेच शिरतात. कणसं आधी थोडी सुकवा, मग हातसोलणीने किंवा नीट जुळवलेल्या यंत्राने सोला.

आता तो टप्पा.

उघड्या मातीवर वाळत घालू नका. माती खालून ओल देते आणि बुरशीचे बीजाणूही देते. हे सगळ्यांना माहीत असतं, म्हणून ताडपत्री येते. पण तिच्यावर किती माल घालायचा ते कोणी सांगत नाही. थर तीन सेंटीमीटरचा हवा. एका चौरस मीटरवर तो वीस किलोच्या आसपास होतो, म्हणजे ४ बाय ५ मीटरच्या ताडपत्रीवर जेमतेम चारशे किलो. प्रत्यक्षात तिच्यावर टनभर ओततात. थर सात सेंटीमीटरचा होतो, वरचे दाणे कडक वाळतात, खालचे दमट राहतात आणि सगळं एकत्र पोत्यात जातं. हात फिरवला की वरचेच दाणे लागतात, माल वाळलाय असं वाटतं.

दर अर्ध्या तासाने उलथापालथ करा, तीही तळापर्यंत; वरवर फावडं फिरवून उपयोग नाही. हवेची आर्द्रता ७५ टक्क्यांच्या वर असेल तर मका १४-१५ टक्क्यांखाली उतरतच नाही, कितीही वेळ पसरून ठेवा. म्हणून कामाचे तास दुपारचेच. दव पडायच्या आत माल गोळा करा, पण तापलेला ढीग लगेच झाकलात तर ताडपत्रीखाली पाणी सुटतं. आधी निवू द्या, मग झाका. पावसाळी हवेत २० टक्के ओलाव्याचा ढीग दोन दिवस झाकून राहिला की आतून तापतो, कुबट वास मारतो. तो माल साठवणीतून वगळा. केनियात २००४ मध्ये दमट साठवलेल्या घरच्या मक्यातून अफ्लाटॉक्सिनची विषबाधा झाली, ३१७ रुग्ण नोंदले गेले, १२५ दगावले. हे विष शिजवून जात नाही.

दाताने दाणा फोडून ओलावा सांगणाऱ्यावर विसंबू नका, मग तो कितीही जुना जाणता असो. मिठाची परीक्षा सांगतात: कोरड्या काचेच्या बाटलीत तिसरा हिस्सा दाणे, दोन-तीन चमचे कोरडं मीठ, मिनिटभर हलवा, पंधरा मिनिटं ठेवा. मीठ काचेला चिकटलं तर ओलावा १५ टक्क्यांच्या वर. चिकटलं नाही तर १५ च्या खाली, एवढंच. आणि हवाबंद साठवणीला ओलावा लागतो १३.५ टक्के किंवा त्याहून कमी. म्हणजे या परीक्षेत पास झालेला मालही पिशवीत कुजू शकतो, आणि हे क्वचितच कोणी सांगतं. त्यापेक्षा साधा डिजिटल हायग्रोमीटर, म्हणजे हवेतली आर्द्रता दाखवणारं यंत्र, बरा. निवलेले मूठभर दाणे नि हायग्रोमीटर छोट्या पिशवीत बंद करून सावलीत ठेवा, आकडा स्थिरावला की वाचा. पिशवीतल्या हवेची आर्द्रता ६५ टक्क्यांखाली असेल तर भरा. नमुना ढिगाच्या तळातून घ्या.

वजनाचा हिशेबही इथेच शिका, कारण लुबाडणूक इथेच होते. २० टक्के ओलाव्याचा १०० किलो मका १३.५ टक्क्यांवर आला की साडेब्याण्णव किलो भरतो. ते साडेसात किलो पाणी आहे, नासाडी नव्हे. ओल्या मालात खरेदीदार याहून जास्त कट मागत असेल, तर हा हिशेब त्याच्यासमोर मांडा.

आता पिशवी. तिहेरी पिशवीची कल्पना १९८० च्या दशकाच्या अखेरीस कॅमेरूनमध्ये चवळीसाठी अमेरिकेतल्या पर्ड्यू विद्यापीठाच्या संशोधकांनी आकाराला आणली: आत ८० मायक्रॉनच्या दोन प्लास्टिक पिशव्या, बाहेर विणलेलं पोतं. वस्तू उत्तम आहे. आतली कीडच ऑक्सिजन संपवते आणि मरते. औषध लागत नाही. नकली मालात प्लास्टिक पातळ असतं, म्हणून विकत घेतानाच फुगवून, पिळून, गालाशी धरून हवा सुटते का बघा. भरताना वर वीतभर मान सोडा, हवा दाबून काढा, प्रत्येक पिशवीची मान वेगळी पिळा, दुमडा, बांधा. दोन्ही माना एकत्र बांधणं ही नेहमीची चूक. पोती फळ्यांवर, भिंतीपासून दूर ठेवा. उंदराने एक भोक पाडलं की खेळ संपला. निदान दोन महिने उघडू नका. ओल्या मालाला मात्र ही पिशवी वाचवत नाही.

पत्र्याची कोठी झाकणाला खरंच हवाबंद असेल आणि सावलीत ठेवायची असेल तरच घ्या. उन्हात ठेवली तर आत पाणी सुटतं. जिथे माणसं झोपतात तिथे कीड मारायच्या अॅल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळ्या वापरू नका, अगदी एकसुद्धा. त्यांतून सुटणारा विषारी फॉस्फीन वायू फटीफटीतून घरात येतो.

रोज लागणारा मका वेगळ्या डब्यात काढा. तिहेरी पिशवी रोज उघडली की रोज नवा ऑक्सिजन आत जातो, आणि मग तिच्यात नि साध्या पोत्यात फरक उरत नाही.