तुम्ही विचारलंत म्हणून: गेम टाकायला लाँचर कशाला?

"नुसती सेटअप फाईल देता येत नाही का हो?"

आठवड्यातून दोनदा तरी हा प्रश्न माझ्या काउंटरवर येतो. सोलापुरात, नव्या पेठेजवळच्या एका गल्लीत माझं कॉम्प्युटर जोडून देण्याचं दुकान आहे. त्याआधी, २००३ पासून सहा-सात वर्षं, त्याच गाळ्यात नेट कॅफे होता. नवा पीसी घेताना पोरगं म्हणतं, "काका, गेम टाकूनच द्या." मी विचारतो, "खातं कुठलं? पासवर्ड?" इथं बापाचा चेहरा बदलतो. पीसीचे पैसे दिले, गेमचे दिले, आता हे खातं आणि कुठून आलं? मग प्रश्न येतो. कधी वैतागून, कधी खरंच समजून घ्यायचं म्हणून. विकत घेतलेला गेम बसवायला ते स्टीम-बिम लागावंच का? स्टीमसारखा जो प्रोग्रॅम आपल्या खात्यावरचा गेम नेटवरून उतरवून बसवतो आणि सुरू करतो, तोच लाँचर.

माझं उत्तर असं. गेम आणायला लाँचर खुशाल असावा. आणलेला गेम बसवायला आणि चालवायला त्याची अट नसावी. काउंटरवर एवढ्यावर कुणाचं समाधान होत नाही, आणि मागं दुसरं गिऱ्हाईक उभं असतं, म्हणून सविस्तर इथं लिहितोय.

कॅफेत आठ मशिनं होती. काउंटर-स्ट्राइक १.५ या गोळीबाराच्या गेमचं फोल्डर एका मशिनवरून बाकीच्यांवर कॉपी केलं, मध्ये मशिनं एकमेकांना जोडणारा एक नेटवर्क स्विच ठेवला, की संध्याकाळ पार पडायची. इंटरनेटची गरज नाही, खातं नाही, कुणाची परवानगी नाही. शाळा सुटली की पोरं दप्तरासकट यायची आणि लाइट गेली की शिव्या देत घरी जायची. भारनियमनाचे दिवस होते, त्यामुळं शिव्या भरपूर ऐकल्या. ते फोल्डर माझ्याकडं कुठून आलं, हे विचारू नका. ओरिजिनल गेमचा डबा मी तेव्हा सोलापुरातल्या एकाही दुकानात पाहिला नव्हता, आणि पन्नास रुपयांची नकली सीडी मागाल तिथं मिळायची. लाँचर का आले, याचं निम्मं उत्तर त्या पन्नास रुपयांत आहे. त्यात मीही होतो. हे कबूल करून मगच पुढचं बोलायचा मला अधिकार.

व्हॉल्व्ह कंपनीनं स्टीम आणलं ते १२ सप्टेंबर २००३ ला. सुरुवातीला ते दुकान नव्हतंच. आपल्याच गेमचे अपडेट सगळ्यांपर्यंत एकाच वेळी पोचवायचे, पायरसी आणि चीटिंग आवरायची, एवढा त्याचा आवाका होता. काउंटर-स्ट्राइकची १.६ आवृत्ती त्यावरूनच आली. पुढं नोव्हेंबर २००४ मध्ये त्यांचाच हाफ-लाइफ २ हा गेम निघाला. सीड्यांचा डबा विकत आणला तरी स्टीमचं खातं उघडून, नेटवर जाऊन गेम चालू करून घ्यावा लागायचा. मासिकात हे वाचलं तेव्हा मला थाप वाटली. सीड्या हातात असताना परवानगी कुणाकडं मागायची?

तेव्हाचं नेट कसलं होतं, हे आजच्या पोरांना सांगून पटत नाही. २५६ केबीपीएस. सेकंदाला ३२ केबी, तेही नशीब असेल तर. रात्री दोन ते सकाळी आठ डाउनलोड मोजलं जात नसे, म्हणून दोनचा गजर लावून उठायचं, डाउनलोड सुरू करायचं आणि परत झोपायचं. सहा तासांत पावणेसातशे एमबी, म्हणजे एका रात्रीत जेमतेम एक सीडी. मध्ये लाइट गेली की ती रात्र गेली.

म्हणून जुन्या दिवसांचा उमाळा येणाऱ्यातला मी नाही. सीडी-डीव्हीडीचे गेम काय साधू होते? त्यांच्यातही पहारेकरी बसवलेले असायचे. सेफडिस्क नावाचं, कॉपी रोखणारं कॉपी-प्रोटेक्शन शेकडो गेमवर होतं. त्याचा ड्रायव्हर, म्हणजे एक छोटा प्रोग्रॅम, विंडोजमध्ये खोल जाऊन बसायचा, इतका खोल की सुरक्षेला धोका म्हणून मायक्रोसॉफ्टनं २०१५ मध्ये विंडोज १० मधून तो काढूनच टाकला. डीव्हीडी कोरी करकरीत आहे, डब्यावर गेम उघडायचा कोड छापलेला आहे, तरी गेम उघडत नाही. २००८ च्या स्पोअर या गेमला तर सुरुवातीला तीनच ॲक्टिव्हेशनची, म्हणजे नेटवरून तीनदाच चालू करून घ्यायची मुभा होती. मशिन दोनदा फॉरमॅट केलं की तिसऱ्या वेळी हात थरथरावेत. लाँचर नव्हता, पण परवानगी होतीच. ती डब्यातच घालून दिलेली होती, इतकाच फरक.

शिवाय लाँचरनं माझं काम हलकं केलंय, हे नाकारलं तर खोटं ठरेल. पूर्वी एक गेम बसवायचा म्हणजे त्याला लागणारी विंडोजची जोड-सॉफ्टवेअरं, डायरेक्टएक्स आधी, मग व्हिज्युअल सी++ चं नेमकं पॅकेज, मग दुरुस्तीचा पॅच १.१, त्यावर १.२, आणि क्रम चुकला की पुन्हा पहिल्यापासून. आता हे सगळं आपोआप होतं. स्टीमवर घेतलेला गेम आवडला नाही तर चौदा दिवसांच्या आत आणि दोन तासांपेक्षा कमी खेळला असेल तर पैसे परत मिळतात. ही सोय २०१५ पासून आहे. पन्नास रुपयांच्या सीडीवाल्यानं मला कधी पाच रुपये परत दिले नाहीत. २०२३ मध्ये तर स्टीमनं अशी सोय दिली की घरातल्या एका मशिनवर गेम असेल तर दुसरं मशिन तो लॅनवरून, म्हणजे घरातल्याच नेटवर्कवरून उचलतं, शंभर जीबी पुन्हा नेटवरून ओढायचे नाहीत. पहिल्यांदा हे करून बघितलं तेव्हा मला माझा कॅफे आठवला. आठ मशिनं, एक स्विच. फरक इतकाच की आता हिशेब सरळ होता.

मग तक्रार कसली?

माझा भाचा दहावीची परीक्षा देऊन आजोळी गेला, म्हणजे माझ्या आईकडं, अक्कलकोटच्या पुढं. मे महिना, पारा चव्वेचाळीसला, दुपारी बाहेर पडायची सोय नाही. त्यानं लॅपटॉप नेला होता. त्यात एक गेम, एकट्यानं खेळायचा, इंटरनेटशी त्याचा काडीचा संबंध नाही. जायच्या आधी इथं दुकानात पूर्ण बसवलेला, साठ जीबी डिस्कवर पडलेले. तिथं जाऊन त्यानं लाँचर उघडला. कुठल्या कंपनीचा ते सोडा, सगळे एकाच माळेचे मणी आहेत. लाँचर म्हणाला, आधी मला स्वतःला अपडेट व्हायचंय. मोबाइलचा हॉटस्पॉट लावला. दिवसाचा दोन जीबी डेटा त्यातच गेला आणि अपडेट अर्धं राहिलं. दुसऱ्या दिवशी ते पूर्ण झालं, तर पुन्हा लॉग-इन मागितलं आणि कोड पाठवला ई-मेलवर. ई-मेल माझ्या बहिणीचा, बहीण ऑफिसात, फोन बॅगेत. नेटशिवाय चालवायचा ऑफलाइन मोड असतो, हे त्याला माहीत होतं. पण तो चालायला त्या मशिनवर लॉग-इन शाबूत असावं लागतं, आणि नेमकं तेच गेलेलं. तिसऱ्या दिवशी आईचा मला फोन. "अरे, पोरगं त्या डब्यापुढं बसून नुसतं गोल फिरताना बघतंय. काही खायला मागत नाही. बघ की काय झालंय."

साठ जीबी त्याच्या मांडीवर होते. पैसे दिलेले होते. मध्ये कोण आडवं आलं होतं? गेम नव्हे, नेटही नव्हे. पोचवणारा आडवा आला.

सोलापूरकराला हे समजावून सांगायला फार शब्द लागत नाहीत. आपल्याकडं नळाला पाणी रोज येत नाही. तीन दिवसांनी, चार दिवसांनी, कधी पाच. ज्या रात्री येतं त्या रात्री घर जागं असतं. हौद, टाकी, बॅरल, हंडे, शेवटी तांबेसुद्धा भरून ठेवायचे. नळावर राग असला तरी नळ नको असं कुणी म्हणत नाही. पण एकदा भरलेल्या घागरीतलं पाणी पिताना नळाला विचारावं लागत नाही. लाँचरचं नेमकं इथं चुकतं. तो नळ आहे, आणि घागरीवर बसून राहतो.

ज्यांचं नेट चोवीस तास, ज्यांच्या गल्लीत खोदकाम नाही, त्यांना ही कुरकुर वाटेल. वाटू दे. पण वर्षं गेली की ती त्यांच्याही दारात येते. १ जानेवारी २०२४ पासून स्टीमनं विंडोज ७ आणि ८ ला आधार देणं थांबवलं; एक्सपी आणि व्हिस्टाचं २०१९ मध्येच झालं होतं. जुन्या सिस्टिमला कुणी किती वर्षं सांभाळायचं, हे मला कळतं, मीही दुकानात सगळ्या जुन्या मदरबोर्डचे सुटे भाग ठेवत नाही. पण गंमत बघा. २००७ च्या एखाद्या गेमच्या पानावर "विंडोज एक्सपी चालेल" असं आजही लिहिलेलं सापडतं. गेमला एक्सपी चालतं, पोचवणाऱ्याला चालत नाही. घोडा तयार, लगाम नाही म्हणतोय.

मध्यंतरी पूर्व भागातले एक टॉवेलवाले आले होते. चार यंत्रमाग, घरचा धंदा, मुलासाठी पीसी जोडायचा होता. मी स्क्रीनवर गेम कार्टमध्ये टाकला, तर तिथं बारीक अक्षरात ओळ, की ही खरेदी म्हणजे फक्त वापरायचा परवाना आहे. ही ओळ तिथं का आली, तेही सांगितलं. अमेरिकेतल्या कॅलिफोर्निया राज्यानं कायदा केला, तो २०२५ च्या सुरुवातीपासून लागू झाला. डिजिटल माल विकताना "विकत घ्या" असं लिहायचं असेल तर तो परवाना आहे हे गिऱ्हाइकाला स्पष्ट सांगा, नाहीतर कायमचं उतरवून घेता येईल असं द्या. स्टीमनं २०२४ च्या ऑक्टोबरातच ती ओळ टाकली. टॉवेलवाल्यांनी मुलाशी तेलुगूत काहीतरी कुजबूज केली, मग मला म्हणाले, "आमचा टॉवेल नेल्यावर गिऱ्हाईक त्यानं अंग पुसतंय का गाडी, आम्ही बघायला जात नाही."

मी म्हणालो, "तुमच्या टॉवेलची कॉपी होत नाही."

"होते की. आमच्या डिझाइनची रोज होते. म्हणून टॉवेलला कुलूप लावू काय?"

याला माझ्याकडं उत्तर नव्हतं. अजूनही नाही.

त्यांना मी दुसरं दुकान दाखवलं. पोलंडच्या सीडी प्रोजेक्टनं २००८ मध्ये सुरू केलेलं जीओजी. त्यांचाही लाँचर आहे, गॅलेक्सी नावाचा, पण तो घ्या नाहीतर राहू द्या. गेमची सेटअप फाईल सरळ उतरवून घेता येते, मोठा गेम असेल तर चार-चार जीबीच्या तुकड्यांत. ती हार्डडिस्कवर ठेवायची, कपाटात टाकायची, दहा वर्षांनी काढून बसवायची. नेट नको, खातं उघडायला नको. द विचर ३ सारखा मोठा गेम २०१५ मध्ये पहिल्या दिवसापासून असा मिळाला आणि तरी खंडीनं विकला गेला. कुलूप नसेल तर धंदा बुडतो, हे मला तेव्हापासून पटत नाही. अडचणी तिथंही आहेत. लाँचर न वापरता अपडेट करायचं तर फाईल स्वतः जाऊन आणावी लागते, आणि सगळे नवे गेम तिथं येत नाहीत. माझ्या कपाटात अशी दोन टीबीची एक डिस्क आहे. ती कुणाला कॉपी करून देत नाही, मागू नका. पन्नास रुपयांचं प्रायश्चित्त समजा.

स्टीमवरचेही बरेच गेम एकदा बसवले की लाँचर न उघडता थेट सुरू होतात, कारण कुलूप लावायचं की नाही हे गेम बनवणाऱ्यावर सोडलेलं आहे. फक्त ते दुकानाच्या पाटीवर लिहिलेलं नसतं. लिहावं, एवढी साधी मागणी आहे. किराणा दुकानात डाळ कुठल्या गिरणीची ते सांगतात. लाँचरच्या आत दुसरा लाँचर उघडतो, एका दुकानात घेतलेला गेम दुसऱ्याचं खातं मागतो, त्या प्रकाराबद्दल मी इथं लिहीत नाही, कारण माझं ब्लडप्रेशर.

जे गेम मुळातच सर्व्हरवर, म्हणजे कंपनीच्या मशिनवर चालतात त्यांचं दुखणं वेगळं. युबिसॉफ्टचा द क्रू २०१४ चा, त्याचे सर्व्हर ३१ मार्च २०२४ ला बंद झाले आणि एकट्यानं गाडी फिरवणंसुद्धा संपलं. तिथं सेटअप फाईल कपाटात असून उपयोग नाही. त्यावर युरोपात मोहीम चालली, दहा लाखांहून जास्त सह्या झाल्या. मी बोलतोय ते ज्याला सर्व्हरची गरज नाही अशा गेमबद्दल.

दुकानात मी आता एक रीत ठेवली आहे. पीसी देताना गेम बसवतो, ऑफलाइन मोड लावतो, आणि गिऱ्हाइकासमोर नेटची केबल उपसून गेम सुरू करून दाखवतो. सुरू झाला तर बिल. नाही झाला तर तो गेम परत करायला सांगतो, दोन तास व्हायच्या आत.

टॉवेलवाल्यांचा पीसी तयार झाला तेव्हा हेच केलं. केबल काढली, गेम उघडला, पडद्यावर डोंगर आणि घोडा दिसला. त्यांनी मान हलवली आणि खिशात हात घातला. मुलगा स्क्रीनच्या कोपऱ्यात बघत होता.

"काका, केबल लावा की. अपडेट राहिलंय."