लॉक कधी लावायचा, कधी काढायचा

खानापूर तालुक्यातल्या भातशेतांच्या पाणंदी पावसाळ्यात पार लोणी होतात. कणकुंबीच्या बाजूला तर विचारूच नका. माझ्या फोर्स गुरखा गाडीला पुढे-मागे दोन्हीकडे डिफरेन्शियल लॉक आहेत (डिफरेन्शियल म्हणजे वळताना दोन चाकांना वेगवेगळ्या वेगानं फिरू देणारी यंत्रणा), म्हणून शेजारची पोरं विचारतात, ‘दादा, लॉक कायमच लावून ठेवला तर?’

नको रे बाबांनो. लॉक लावला की एका अॅक्सलची, म्हणजे चाकांच्या दांड्याची, दोन्ही चाकं एकाच वेगानं फिरतात. वळणावर मात्र बाहेरच्या चाकाला जास्त अंतर कापायचं असतं. चिखलात ते घसरून भागवून घेतं. डांबरावर तो ताण अॅक्सलवर येतो, अगदी तुटेपर्यंत.

लॉक अडथळ्याच्या आधीच लावा, गाडी थांबवून. चाक गरगर फिरत असताना तर कधीच नाही. आधी मागचा. पुढचा अगदी अडल्यावरच, आणि सरळ रेषेत, कारण मग स्टीअरिंग वळायलाच मागत नाही.

मला खरी भीती वाटते ती आडव्या उताराची. बांधाच्या कडेनं तिरकं जाताना लॉक असला, तर दोन्ही चाकं एकदम पकड सोडतात आणि गाडीची शेपूट खाली सरकते. तिथं मी लॉक काढतोच.

बटण बंद केलं तरी लॉक लगेच सुटेलच असं नाही. थोडं सरळ पुढे-मागे करा, डॅशबोर्डवरचा दिवा विझलेला बघा, मगच चोर्ल्याच्या डांबरी रस्त्याला लागा.