जुन्या घराच्या चिऱ्या-वाशांतून नवी पडवी: आतापर्यंतच्या कामाची नोंद

रत्नागिरी जिल्ह्यातील आमच्या गावात एक जुने कौलारू घर काढून तेथे स्लॅबचे घर बांधायचे ठरले. ते यंत्राने न पाडता हाताने उतरवू द्यावे, अशी विनंती मी घरमालकांना केली आणि त्यांनी पावसाळ्यानंतरचा काही काळ आनंदाने दिला. त्या सामानातून आमच्या घराच्या मागील बाजूस पडवी उभारण्याचे काम सध्या चालू आहे. अशा कामात रस असलेल्यांना उपयोगी पडेल ते येथे नोंदवत आहे.

घर ज्या क्रमाने बांधले गेले त्याच्या उलट क्रमाने ते उतरवावे लागते: आधी कौले, मग रिपा (कौलांखालच्या आडव्या लाकडी पट्ट्या), वासे (छपराची उतरती लाकडे), आढे (छपराच्या माथ्यावरचे आडवे लाकूड), तुळया आणि शेवटी वरून खाली एकेक थर करत भिंती. यंत्राचा एक तडाखा बसला की वाशांना उभ्या चिरा जातात आणि कौलांचा नुसता चुरा उरतो. प्रत्येक लाकडावर खाली घेण्यापूर्वीच खडूने क्रमांक आणि दिशा लिहून ठेवली, कारण हाताने तासलेल्या घरात दोन वासे कधीच सारखे नसतात.

तुळया आणि खांब यांचे सांधे लाकडी खुंट्या मारून आवळलेले होते. मी एक खुंटी पहारीने उचकटू लागलो, तेव्हा आमच्याबरोबर असलेल्या सुतारकाकांनी मला थांबवले. ते म्हणाले, "भाऊ, बारीक टोक कुठे आहे ते आधी बघा. तिकडून मारा, ती आपसूक बाहेर येईल." खुंटी एका बाजूला निमुळती केलेली असते आणि जाड बाजूकडून ठोकून बसवलेली असते, त्यामुळे बारीक टोकावर लाकडी हातोडीचे दोन-तीन ठोके दिले की ती सैल होते आणि सांधा अखंड सुटतो. या पद्धतीने उतरवलेल्या तुळयांची टोके जशीच्या तशी राहिली.

लाकूड तपासण्यात सर्वांत जास्त वेळ गेला आणि तो तसा जायलाच हवा होता. घरात साग, ऐन आणि फणस अशी तिन्ही लाकडे होती. भिंतीत गाडलेली तुळईची टोके ओलीने कुजलेली असण्याची शक्यता अधिक असते, म्हणून टोच्या (टोकदार हत्यार) खुपसून पाहिले. तो जेथपर्यंत सहज आत जात होता तेवढा भाग कापून टाकला आणि पडवीची रुंदी उरलेल्या लांबीवरून ठरवली. करवत लावण्यापूर्वी लोहचुंबक फिरवून आतले मोडके खिळे शोधले. तुळई नव्या जागी कशी ठेवायची, हाही विचार करावा लागतो. भार आल्यावर तुळईच्या मधल्या भागाची खालची बाजू सर्वाधिक ताणली जाते, त्यामुळे जुनी खाच किंवा भोक तेथे येता कामा नये. शक्यतो ते टोकाकडे किंवा वरच्या अंगाला जाईल अशा बेताने लाकूड फिरवून घ्यावे. दारांवरचा जुना तेलरंग मात्र कोरडा घासू नये. त्यात शिसे असू शकते आणि ती धूळ श्वासावाटे आत जाते. लाकूड ओले करून रंग खरवडणे सुरक्षित असते.

कौलांची निवड कानाने करता येते. बोटाच्या पेराने टिचकी मारली की अखंड कौल खणखणते, तडा गेलेले बद्द वाजते. निरनिराळ्या कारखान्यांच्या कौलांच्या खोबणी एकमेकींत नीट बसत नाहीत आणि आमच्याकडे वर्षाला 3000 मिलिमीटरहून अधिक पाऊस पडत असल्याने तेवढी फट गळतीला पुरेशी ठरते, म्हणून शिक्के पाहून वेगवेगळे ढीग लावले. काही कौलांच्या पाठीवर बासेल मिशन या कौले बनवणाऱ्या ख्रिस्ती मिशनरी संस्थेच्या शिक्क्यासह 1865 हा आकडा आहे. तो मंगळूरचा कारखाना सुरू झाल्याच्या सालाचा आहे. त्यावरून कौलाचे वय काढू नये.

मला सर्वांत जास्त शिकवले ते दोन भिंतींनी. मूळ घराचे चिरे, म्हणजे जांभा दगडाचे घडवलेले ठोकळे, मातीत रचलेले होते. गिलावा निघाल्यावर पहारीचे टोक सांध्यात घालून हलके दाबले की चिरा सुटत होता, माती काथ्याच्या ब्रशाने झटकली जात होती आणि दगडाच्या कडा शाबूत राहत होत्या. मागचे स्वयंपाकघर नंतरच्या काळात सिमेंटमध्ये बांधलेले होते. तेथे सांध्यापेक्षा दगडच आधी फुटत होता आणि जे चिरे निघाले त्यांच्या अंगावरची खपली सिमेंटबरोबर गेली. दगड एकाच जातीचा आणि माणसेही तीच, तरी एका भिंतीचे बहुतेक चिरे पुन्हा वापरण्याजोगे मिळाले आणि दुसरीचा उपयोग केवळ भरावासाठी झाला. सांधा दगडापेक्षा मऊ असला पाहिजे, हे मला तेव्हा पटले आणि पडवीच्या भिंतीत सिमेंट वापरायचे नाही, असा निर्णय मी तेथेच घेतला.

ताजा जांभा कोणत्याही लोखंडी हत्याराने सहज कापता येतो आणि हवा लागल्यावर कठीण होत जातो, असे फ्रान्सिस बुकानन या स्कॉटिश वैद्य-सर्वेक्षकाने 1807 साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या प्रवासवृत्तांतात मलबारच्या दगडाविषयी लिहिले आहे. जुने चिरे कधीच कठीण झालेले असल्याने ते कापताना हत्यारे बोथट होतात आणि दगडही वेडावाकडा तुटतो, म्हणून भिंतीची लांबी आणि खिडकीची जागा अख्ख्या चिऱ्यांच्या मापावर बेतली आहे.

बांधकामासाठी कळीचा चुना (भाजलेला, पाणी न लागलेला चुना) पाणी घालून विरवून पाण्याखाली मुरत ठेवला होता. विरवताना पाणी उकळते आणि शिंतोडे उडतात, त्यामुळे डोळ्यांवर चष्मा आणि हातांत मोजे घातल्याशिवाय हे काम कोणीही करू नये. फुटलेली कौले कुटून आणि चाळून त्यांची सुरखी केली. भाजलेल्या मातीच्या या बारीक पुडीमुळे चुना ओलीतही घट्ट होतो, कोकणात तर तिची फार गरज असते. चुना, सुरखी आणि वाळू यांचे प्रमाण लहान नमुने करून ठरवले. वाळूत क्षार असू नयेत म्हणून खाडीची वाळू टाळली. चुन्याचे काम सिमेंटपेक्षा सावकाश पक्के होते, म्हणून भिंत ओल्या गोणपाटाने झाकून ठेवतो आणि रोज थोडेच थर चढवतो.

आज जोते पूर्ण झाले आहे, भिंत खिडकीच्या उंबऱ्यापर्यंत आली आहे आणि खांब उभे आहेत. वासे तयार आहेत. रिपांचे अंतर मात्र फुटपट्टीने न आखता प्रत्यक्ष कौले मांडून घेणार आहे. छपराच्या उतारापुरती एकाच शिक्क्याची कौले जमली आहेत. आढ्यावरची कौले काही कमी पडतात, त्यामुळे जवळपास कोठे जुने घर उतरवले जात असेल तर मला जरूर कळवावे. मी स्वतः येऊन ती काढून घेईन आणि बदल्यात उतरवण्याच्या कामाला हातभार लावीन.